टाकीवाली

भुसावळच्या शेडात त्या सातजणी होत्या.
विलायतेहून आल्या तेव्हा मागे टेंडर घेऊन आल्या,
कोळशा-पाण्याचं वेगळं बिऱ्हाड.
मग त्यांच्याहून दांडगी इंजिनं उतरली.
ह्यांना मोडीत घालायला साहेबाचं मन होईना,
त्यानं निळ्या कागदावर एक रेघ ओढली:
टेंडर तोडा. सांगाडा मागून पाच फूट लांबवा.
खाली एक जादा आस.
बॉयलरच्या दोन्ही कुशींना टाक्या.
म्हणजे, बाई, इथून पुढे
तुझं पाणी तूच वाहायचं.

माझा बाप, सुपडू तडवी, तेव्हा सोळाचा.
बाहेरून गनी मिस्त्री रिव्हेट ठोकायचा,
आत अंधारात बाप,
लोखंडी ठोकळा छातीशी दाबून घण झेलायचा.
दोघांच्या मधे लाल रिव्हेट विझत जाई.
सात इंजिनं, चौदा टाक्या.
नवव्या टाकीत त्याचा डावा कान गेला,
बाराव्या टाकीत उजवा.
चौदावी, तो सांगायचा, फार शांत होती.

नंबर जुनेच राहिले, शेपटीला फक्त एक अक्षर चढलं.
फिरके क्लार्कनं रजिस्टरात लिहिलं, ‘इंजिन तेच.’
त्यावरून कँटीनमधे महिनाभर वाद.
चाकं नवी, सिलिंडर नवे, बॉयलर दुसऱ्याच कुणाचा,
मंग जुनं काय उरलं भो?
अत्तरदे ड्रायव्हर बशीत चहा ओतत म्हणाला,
शिट्टी. आन् खोड.

जुनी खोड, थंडीत पहिल्या हाकेला न उठण्याची.
नवी खोड पाण्याची:
टाक्या भरलेल्या असल्या की रूळ घट्ट धरी,
अर्ध्यावर आल्या की पाणी हिंदकळे
आणि वळणावर खांदे उडवी.
पार रिती होत आली
की चाकं जागच्या जागी फिरत, ठिणग्या पाडत.
लांबची गाडी तिला पुन्हा कुणी दिली नाही.
यार्डात डबे लाव, डबे काढ,
फार तर तापीच्या पुलापर्यंत जाऊन ये.
वळवायचीसुद्धा गरज नव्हती तिला.
जशी पुढे, तशीच मागे.

डबा घेऊन मी शेडाच्या फाटकाशी उभी राही.
क्वार्टरात शिट्टी आम्ही ऐकायचो, बाप नाही.
तो जेवता जेवता डावा तळवा भिंतीला लावी
आणि म्हणे, आली.
कुठली, ते विचारायचं नसे.

लिलाव मे महिन्यात झाला.
पत्रा इतका तापलेला की भंगारवाले
रुमालानं धरून बघत होते.
रिटायर झालेला बाप हातोडी घेऊन त्यांच्यात घुसला
आणि एकेका टाकीवर टकटक करत चालला.
जळगावचा व्यापारी हसला, बहिऱ्याला काय कळणार.
बाप ऐकत नव्हताच,
त्याचं मनगट ऐकत होतं.
चौथ्या इंजिनाच्या उजव्या टाकीपाशी ते थांबलं.
आठवी, तो म्हणाला.
दोन्ही कान होते तेव्हाची.

फंडाचे पैसे त्यानं तिच्यात घातले.
आई तीन दिवस बोलली नाही;
त्याला ते कळायला दोन दिवस लागले.

आता ती यावलच्या पुढे,
सातपुड्याच्या पायथ्याला, आमच्या पाड्यावर.
वरचा पत्रा कापलेला.
ट्रकमधून उतरवताना जी जरा कलली ती तशीच आहे.
विहिरीवरची मोटर लागली की भरते,
शेळ्या पितात, पोरं डुंबतात,
कुणी आतून पत्र्यावर थाप मारली
तर शेळ्या दचकून पळतात, पुन्हा येतात.
ती मात्र कुठं जात नाही. पाणी घेऊन उभी.

एकच रिव्हेट ठिपकते, खालच्या रांगेत.
तिच्याखाली पुदिना माजलाय.
बाप शेवटपर्यंत सांगायचा,
ती माझी नाही.
ती गनी मिस्त्रीची.